उलटा टांगलेला अलॉटी

सगळा घोळ शोभा घाटपांडे यांच्या दोन शब्दांपासून सुरू झाला.

भोपाळच्या आमच्या कारखान्यात माणूस निवृत्त झाला की सभागृहात त्याचा निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, यंत्राची छोटीशी पितळी प्रतिकृती, समोसा आणि चहा. शेवटी त्याच्या बायकोला व्यासपीठावर बोलावतात आणि "अब भाभीजी भी दो शब्द कहेंगी" असं जाहीर होतं. आजवर शेकडो भाभीजींनी "मैं आप सबकी आभारी हूँ" एवढं म्हणून, पदर सावरून, जागेवर जाऊन बसण्याची परंपरा निष्ठेनं सांभाळली होती. एकतीस डिसेंबरला विलास घाटपांड्यांच्या निरोपाला त्यांच्या बायकोनं, शोभाबाईंनी, ती मोडली. माईक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "छत्तीस बरस आप लोगों ने इन्हें रोज़ आठ घंटे सँभाला. आप पर क्या बीती होगी, मुझसे बेहतर कोई नहीं जानता."

हशानं सभागृह दणाणलं. महाव्यवस्थापकांच्या हातातला समोसा बशीत पडला. व्यासपीठावर असल्यामुळे विलासलाही हसावं लागलं, पण त्या दिवसापासून तो संध्याकाळी फिरायला शाळेच्या मागचा निर्मनुष्य रस्ता धरू लागला.

तिसऱ्या रांगेतले नीळकंठ असनारे मात्र हसले नाहीत. त्यांची निवृत्ती एकतीस मार्चला होती.

असनारे गुणवत्ता तपासणी विभागात होते. कागदावर एक सही कमी आहे म्हणून त्यांनी घराएवढा ट्रान्सफॉर्मर आठ दिवस फाटकाशी उभा करून ठेवला होता, आणि त्याची आठवण ते इतर लोक मुलांच्या बारशाची काढतात तशी काढत. पाठीमागे लोक त्यांना 'रिजेक्ट साब' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडत होतं. घरीही नियम तेच. रोज सकाळी दाढीच्या वेळी पाच फूट अकरा इंचांच्या असनाऱ्यांना गुडघे वाकवून, मान खाली घालून न्हाणीघरातल्या आरशात पाहावं लागे. पुढे गुडघ्याला पट्टा लागला, तरी आरसा वर घ्यावा असं काही त्यांच्या मनात आलं नाही. क्वार्टरमधली वस्तू जिथे आहे तिथे असण्यामागे कुठलं तरी मानक असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. विलासच्या क्वार्टरमधला आरसा चांगला हातभर वर होता. त्याची नोंद त्यांनी मनातल्या मनात 'विनापरवाना फेरबदल' अशी केली होती आणि मैत्रीखातर ती पुढे कळवली नव्हती.

बत्तीस वर्षांच्या संसाराबद्दलही त्यांचं मत असंच ठाम होतं. वसुधाबाईंची एकही तक्रार प्रलंबित नाही. त्या व्यासपीठावर येतील, आभार मानतील, बसतील. असं ते जानेवारीच्या पंधरा तारखेपर्यंत समजत होते.

जानेवारीत महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू झालं. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटून वाटून टाउनशिपमधल्या बायकांकडे डबे ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून कार्यकारिणीनं या वर्षी काहीतरी नवं करायचं ठरवलं आणि टॅरोचे पत्ते ठेवले. चिटणीसबाईंची भाची प्रतिभा साकेत नगरच्या मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. दिवसभर लोकांना 'हे खाऊ नका' सांगून कंटाळल्यामुळे तिनं इंटरनेटवरून टॅरोचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला होता. प्रत्येक सवाष्णीला हळदीकुंकू, तिळगूळ आणि एक पत्ता.

वसुधाबाई घरी आल्या तेव्हा असनारे वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा करत बसले होते.

"काय निघालं तुझ्या पत्त्यात?" त्यांनी चेष्टेच्या सुरात विचारलं.

"काही नाही. म्हणाली, काकू, मनात काहीतरी जुनं दाबून ठेवलंय तुम्ही."

"कुणाबद्दल?"

"नवऱ्याबद्दल," असं म्हणून वसुधाबाईंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "घ्या."

गोड बोला, असं त्या म्हणाल्या नाहीत. हे असनाऱ्यांच्या ताबडतोब लक्षात आलं.

"तसं काही आहे का?"

"छे हो, तसं काही नाही."

आता, बत्तीस वर्षं लग्न टिकवलेल्या कुठल्याही पुरुषाला हे वाक्य ऐकवावं आणि त्याचा चेहरा पाहावा. 'आहे' म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर झोपता आलं असतं. 'तसं काही नाही' यात 'तसं' नाही, पण दुसरं काहीतरी आहे, आणि ते एकतीस मार्चला माईकवर येऊ शकतं. असनाऱ्यांच्या डोळ्यांपुढे महाव्यवस्थापकांचा समोसा पुन्हा एकदा पडला. त्यांनी ठरवलं, दोष असेल तर तो फाटकाच्या आत सापडला पाहिजे.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी त्यांनी प्रतिभाला घरी बोलावलं. तिनं टीपॉयवर निळा रुमाल पसरला, एक मेणबत्ती लावली आणि सांगितलं, "काका, हे भविष्य नाही. पत्ता फक्त प्रश्न विचारतो. उत्तर माणसाकडेच असतं."

"मग बरोबर का चूक ते तपासतं कोण?" असनाऱ्यांनी विचारलं. प्रतिभानं ते ऐकलं नाहीसं केलं आणि दोघांना मिळून चार पत्ते काढायला लावले.

पहिल्या पत्त्यात झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला एक माणूस होता. ढगातून एक हात त्याच्यापुढे पेला धरत होता आणि तो तिकडे बघतही नव्हता. "हे काका," प्रतिभा म्हणाली. "तहान नसेल त्याला," काका म्हणाले. दुसऱ्या पत्त्यात डोळ्यांवर पट्टी आणि अंगाभोवती दोऱ्या बांधलेली एक बाई आठ तलवारींच्या मध्ये उभी होती. "ही काकू." वसुधाबाईंनी चष्मा लावून तो पत्ता बराच वेळ पाहिला. "हिचे पाय मोकळे आहेत की गं," त्या म्हणाल्या.

तिसरा पत्ता उलटल्याबरोबर असनाऱ्यांनी झडप घालून तो फिरवला. पत्त्यावरचा माणूस एका पायावर खाली डोकं वर पाय असा टांगलेला होता.

"हा उलटा लागलाय."

"काका, तो उलटाच असतो."

"उलटा माणूस छापलेला पत्ता बाहेर गेलाच कसा? कुणी तपासलं नाही?" आता माणूस सरळ झाला होता, पण त्यावरचा आकडा उलटा होऊन खाली गेला होता. असनाऱ्यांनी पत्ता पुन्हा फिरवला. आकडा बरोबर, माणूस चूक. पुन्हा फिरवला. माणूस बरोबर, आकडा चूक. असा दोष त्यांनी छत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. चौथ्या वेळी प्रतिभानं त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, काका. तुमच्या हातून जसा पडला तसा घ्यायचा. तो टांगलेला असला तर त्याचा अर्थ, माणूस थांबून दुसऱ्याच्या बाजूनं बघतोय. आणि असा ठेवला तर अर्थ, आपलंच खरं धरून बसलाय."

"पण मी तर त्याला सरळ केला!"

"हो ना," प्रतिभा म्हणाली.

चौथा पत्ता न्यायाचा निघाला. हातात तराजू आणि तलवार. असनाऱ्यांचा चेहरा उजळला. "हा मी," ते म्हणाले. प्रतिभानं पत्ते गोळा करत सांगितलं, "काकूंची जुनी तक्रार आहे. घरातलीच. एकदा सांगून झालीये, पण कुणी ऐकली नाही. आता त्या आपणहून सांगणार नाहीत. तुम्हालाच शोधावी लागेल, काका."

"पोहे घे गं," वसुधाबाई म्हणाल्या. "शेंगदाणे जास्त घातलेत तुझ्यासाठी."

असनारे सल्ल्यासाठी शाळेच्या मागच्या रस्त्यावर गेले. विलास तिथे टोपी कपाळावर ओढून फिरत होता.

"शोधतोस कशाला?" विलास म्हणाला. "सगळं कबूल करून टाक. बायकांना कबुली फार आवडते." हे ज्ञान विलासला कुठून मिळालं होतं कोण जाणे, कारण स्वतः त्यानं आजवर काहीच कबूल केल्याचं ऐकिवात नव्हतं. पण बुडणारा माणूस असल्या चौकशा करत नाही.

असनाऱ्यांनी आपल्या हातून झालेल्या नऊ चुकांची यादी केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वसुधाबाई विळीवर गवार चिरत असताना, क्रमांक एकपासून सुरुवात केली.

"एकोणनव्वद साली यशवंतच्या लग्नाला मला रजा मिळाली नाही असं मी म्हटलं होतं. मी अर्जच केला नव्हता."

विळीचा आवाज थांबला. यशवंत म्हणजे वसुधाबाईंचा नागपूरचा धाकटा भाऊ. "अर्जच नव्हता केला? मी दोन पोरं काखोटीला मारून एकटी गेले, आणि मांडवभर सांगत फिरले की यांच्या साहेबांनी सोडलं नाही. त्या साहेबांना मी किती शिव्या दिल्या!"

"क्रमांक दोन. तुझ्या आईंनी विणलेला स्वेटर साइटवर चोरीला गेला नव्हता. टोचायचा म्हणून मी पहारेकऱ्याला दिला."

"आईनं मरेपर्यंत त्या चोराला बोल लावले हो!"

"क्रमांक तीन. तुझ्या मावशी राहायला आल्या तेव्हा माझी डबल शिफ्ट नव्हती. मी क्लबात कॅरम खेळत होतो."

इथे असनाऱ्यांनी मान वर करून पाहिलं आणि क्रमांक चार ते नऊ खिशात परत ठेवले. गोष्ट अशी होती, की यांतलं वसुधाबाईंना काहीही ठाऊक नव्हतं. जुनी तक्रार शोधायला निघालेल्या माणसानं तासाभरात तीन कोऱ्या करकरीत तक्रारी निर्माण केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नागपूरहून यशवंतचा फोन आला. "भाऊजी," सत्तावीस वर्षांनंतर तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "निदान अर्ज तरी करायचा!"

चार दिवस घरात फक्त कुकर बोलत होता. पाचव्या दिवशी, अंदाज घ्यावा म्हणून, असनारे स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. वसुधाबाई पोळ्या करत होत्या. त्यांच्या पायाखाली पाट होता. माहेरून आणलेला, कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या असलेला सागवानी पाट. हा पाट असनाऱ्यांनी रोज पाहिला होता, म्हणजे कधीच पाहिला नव्हता. आज त्यांना तलवारींच्या मध्ये उभी असलेली ती बाई आठवली आणि ते टेप आणायला धावले. ओटा तीन फूट. वसुधाबाई चार फूट दहा इंच.

"हा ओटा तुला उंच होतो?"

"होतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

वसुधाबाईंनी पोळीला तूप लावायला घेतलं. एका पोळीला लागतं त्याहून जास्त वेळ त्यांनी लावलं. "घ्या, गरम आहे," त्या म्हणाल्या.

सापडलं! असनाऱ्यांना इतका आनंद झाला, की निवृत्तीला जेमतेम सहा आठवडे उरलेत आणि त्यानंतर दोन महिन्यांत हे क्वार्टर सोडून अवधपुरीच्या फ्लॅटमध्ये जायचंय, हे त्यांनी बाजूला सारलं. दोष सापडला की दुरुस्ती. दुसऱ्याच दिवशी ते टाउनशिपच्या देखभाल कचेरीत हजर झाले.

तिथे चौकसे नावाचे बाबू गेली पंचवीस वर्षं एकाच खुर्चीवर बसत होते. "ऐसा है साब," त्यांनी तक्रारवही पुढे सरकवली, "शिकायत अलॉटी के दस्तख़त से ही चढ़ेगी." अलॉटी म्हणजे ज्याच्या नावावर क्वार्टर आहे तो. बाकी घरात राहणारे सगळे, कचेरीच्या दृष्टीनं, पाहुणे. हा नियम असनाऱ्यांना नेहमीच फार आवडत आला होता. त्यांनी झोकात सही केली.

चार दिवसांनी दोन गडी आले आणि असनारे कारखान्यातून परतायच्या आत ओटा फोडून गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र आलं, की ज्यांच्या निवृत्तीला नव्वद दिवसांहून कमी काळ उरला आहे त्यांच्या क्वार्टरमध्ये नवीन फेरबदल करता येत नाहीत, सबब काम थांबवण्यात येत आहे. ओटा फोडणारा विभाग आणि पत्र लिहिणारा विभाग वेगळे होते आणि दोघांनीही आपापलं काम वेळेत केलं होतं.

शेगडी बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या टेबलावर आली. रोज फोडणीची मोहरी असनाऱ्यांच्या उत्कृष्ट सेवेच्या प्रशस्तिपत्रकावर उडू लागली. शेजारीपाजारी चुना-मातीचा ढीग पाहायला येत आणि सल्ला देऊन जात. विलास म्हणाला, पत्ते घरात आणायलाच नको होते. शोभाबाईंनी भाजीचा डबा पाठवला आणि सोबत निरोप: "वसुधाला म्हणावं, भाषण तयार झालं का?" वसुधाबाई हसून म्हणाल्या, "विचार करतेय." त्या रात्री असनाऱ्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं.

ते रोज जेवणाच्या सुटीत चौकसेंपुढे जाऊन बसू लागले. आठवड्यानं चौकसेंना दया आली.

"नया काम तो नहीं होगा साब. हाँ, कोई पुरानी शिकायत पेंडिंग निकल आए तो अलग बात है. पुराने रजिस्टर ऊपर पड़े हैं, देख लो आप."

'ऊपर' म्हणजे माळा. असनारे गुडघ्याच्या पट्ट्यासकट शिडी चढले. तीन दुपारी त्यांनी धूळ खाल्ली. टपकते नळ, फुटक्या काचा, न लागणाऱ्या कड्या, टाउनशिपचं सगळं दुःख तिथे तारीखवार लावून ठेवलेलं होतं. तिसऱ्या दुपारी चौऱ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये त्यांना आपला क्वार्टर नंबर सापडला.

'किचन का प्लेटफ़ॉर्म ऊँचा है. खड़े रहने में कष्ट होता है. कृपया नीचा करने का कष्ट करें.' खाली सही: नी. वि. असनारे. अक्षर गोल, टपोरं, शाळेतल्या मुलीसारखं. वाणसामानाच्या यादीवर गेली बत्तीस वर्षं ते पाहत आले होते तेच.

आणि त्याखाली लाल शाईत, त्यांच्या स्वतःच्या सरळसोट अक्षरात: 'हस्ताक्षर अलॉटी के नहीं हैं. शिकायत निरस्त की जाए.' खाली खरी सही. तारीख. वेळसुद्धा.

असनाऱ्यांना आठवलं. नळाची तक्रार लिहायला ते आले होते. सवयीनं मागचं पान तपासलं. खोटी सही दिसली. ती बायकोची आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, आणि तिला ओशाळं वाटू नये म्हणून घरी अवाक्षर काढलं नव्हतं. हा आपला मोठेपणाच आहे असं त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना त्यांना वाटलं होतं. तक्रार काय आहे, हे मात्र त्यांनी वाचलं नव्हतं. सही तपासायची असते तेव्हा मजकूर वाचायची गरज नसते.

ते माळ्यावरच एका गठ्ठ्यावर बसले. त्यांना लाज वाटली. समारंभाची भीती वाटत होती ती वेगळी. ही लाज साधी होती आणि तिच्यावर कुठला नियम लागू होत नव्हता.

चौकसेंनी पान पाहिलं आणि आनंदानं मांडीवर थाप मारली. "अरे वाह साब! आपने ही काटी थी, अब आप ही चालू करवा दो. इसकी फ़ोटोकॉपी लगा दो, काम हो जाएगा."

"सिर्फ़ ऊपर का हिस्सा लगा दूँ तो?"

"आधा पन्ना तो रिजेक्ट हो जाएगा साब. आपको क्या बताना."

पूर्ण पान लागलं. आठ दिवसांत नवा ओटा झाला. मिस्त्रीनं 'नीचा करें' हे शब्द जरा जास्तच मनावर घेतले होते. ओटा सव्वादोन फूट निघाला. आता वसुधाबाईंना वाकावं लागू लागलं. असनाऱ्यांनी तिथल्या तिथे काम नापास करायला पेन काढलं, पण वसुधाबाईंनी त्यांना थांबवलं. "राहू द्या हो. मार्च संपत आला." आणि त्यांनी पाट उचलून शेगडीखाली सरकवला. इतकी वर्षं पायाखाली असलेला पाट आता ओट्यावर विराजमान झाला.

रजिस्टरबद्दल असनारे त्यांना काही बोलले नाहीत. तक्रारीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या त्या कचेरीनं, असंच ती आजवर समजत आली असणार. मग एकतीस मार्च होऊन जाऊ दे, नंतर सांगू, असं त्यांनी ठरवलं. विलासच्या आरशानंतर त्यांनी दडपलेली ही दुसरीच त्रुटी.

समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. घाटपांडे प्रकरणापासून भाभीजींच्या दोन शब्दांना गर्दी होऊ लागली होती. शोभाबाई पहिल्या रांगेत होत्या. वसुधाबाई मोरपंखी रंगाची साडी नेसून माईकपाशी गेल्या तेव्हा असनाऱ्यांच्या खांद्यावरची शाल घामानं भिजली होती.

"इन्होंने छत्तीस साल में एक भी ग़लत चीज़ पास नहीं होने दी," वसुधाबाई शांतपणे म्हणाल्या. "लोग समझते होंगे, सिर्फ़ कारख़ाने में. नहीं जी. घर का भी कोई ग़लत दस्तख़त कर दे, तो ये छोड़ते नहीं. लाल स्याही से काटते हैं. मैं गवाह हूँ. आप सबकी आभारी हूँ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाव्यवस्थापक म्हणाले, अशी सचोटी आता कुठे पाहायला मिळते? सभागृहातल्या दोनशे माणसांत एकालाच ते भाषण कळलं होतं, आणि त्याच्या हातात नारळ होता.

घरी जाताना दोघं चालत निघाली. पोस्ट मागे पडलं.

"तुला माहीत होतं," असनारे म्हणाले.

"चौऱ्याण्णव सालीच. पंधरा दिवस झाले तरी कुणी येईना, म्हणून विचारायला गेले होते. चौकसेनं पान उघडून दाखवलं. साब की राइटिंग बहुत सुंदर है, म्हणाला."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तक्रार अलॉटीच्या सहीनंच करायची असते ना?"

असनाऱ्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "चुकलं माझं, वसू," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण त्यांचा आवाज मध्येच चिरकला.

"बरं," वसुधाबाई म्हणाल्या. चार पावलांनंतर त्या म्हणाल्या, "तसं मी ते मनात नव्हतं हो ठेवलं. तेव्हाच फेडून टाकलं."

"फेडलंस? कसं?"

"चला लवकर. शाल वाळत घालायला हवी."

"मग प्रतिभा म्हणाली ते? दाबून ठेवलंय ते?"

"ते हेच. फेडलं ते," असं म्हणून वसुधाबाईंनी फाटक उघडलं आणि त्यापुढे एक शब्द सांगितला नाही.

पुढचे दोन महिने निवृत्त तपासनीस दुसरं काहीच करत नव्हते. चहात आलं कमी असतं का? तिनं विणलेल्या स्वेटरच्या बाह्या मुद्दाम आखूड ठेवल्या होत्या का? त्यांनी प्रतिभाला फोन केला. "एक पत्ता काढू का, काका?" तिनं विचारलं. असनाऱ्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.

मे अखेर सामान बांधून झालं आणि क्वार्टर ताब्यात घ्यायला खुद्द चौकसे फॉर्म घेऊन आले. पंखे तीन, नळ पाच, कड्या चौदा. न्हाणीघरात शिरल्यावर मात्र ते थबकले.

"साब, ये शीशा इतना नीचे? सब क्वार्टर में पाँच फुट पे लगा है." त्यांनी नखानं भिंत खरवडली. चुन्याच्या पापुद्र्याखाली, आरशाच्या हातभर वर, बुजवलेली दोन भोकं दिसली. "ऊपर ही था. नीचे किसने किया? बिना अनुमति फेरबदल का कॉलम भरना पड़ेगा."

असनाऱ्यांनी वळून पाहिलं. वसुधाबाई दारात उभ्या राहून पाट वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"तुम्ही तीन आठवडे साइटवर गेला होतात," पाटाकडे बघतच त्या मराठीत म्हणाल्या. "चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात. सफेदीवाले आले होते. म्हटलं, सामान काढलंच आहे, तर आरसा जरा खाली लावा. चार दिवस तुम्हाला वाकायला लावावं, मग सांगून टाकावं, असं होतं मनात. पण तुम्ही आलात, गुडघे वाकवून दाढी केलीत, आणि म्हणालात, आता कसा मानकाप्रमाणे लागला. मग कशी सांगू? पुढे पट्टा लागला तेव्हा फार वाईट वाटलं हो मला. रोज वाटायचं, आज सांगते, उद्या सांगते."

असनाऱ्यांनी खाली आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग आरशात पाहिलं, म्हणजे सवयीनं वाकून पाहिलं. आरशात त्यांच्या खांद्याच्या मागे, बरोबर तिच्या उंचीला, वसुधाबाईंचा सबंध चेहरा दिसत होता. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसू दाबत होते.

"तो क्या लिखूँ साब?" चौकसे म्हणाले. "फेरबदल किसने किया?"

असनाऱ्यांनी फॉर्म हातात घेतला, पेनचं टोपण काढलं आणि त्या रकान्यात आपल्या सरळसोट अक्षरात लिहिलं: 'अलॉटी ने स्वयं.' खाली सही केली. तारीख घातली. वेळही.

चौकसेंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आपने? ख़ुद के लिए? इतना नीचे?"

"हाँ," असनारे म्हणाले. "मुझे झुककर दाढ़ी बनाने की आदत है."

चौकसे मान हलवत पुढच्या खोलीतल्या कड्या मोजायला गेले. वसुधाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि हळूच म्हणाल्या, "अहो, खोटं लिहिलंत."

"सही खरी आहे," असनारे म्हणाले.